संत अंतोनींचे चरित्र लिहायला घेताना

जून महिना जवळ आला की चर्चच्या मासिकासाठी, नोव्हेनाच्या, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेच्या, प्रवचनासाठी किंवा शाळेतल्या कार्यक्रमासाठी पादुआच्या संत अंतोनींवर कोणाला तरी लिहावे लागते. १३ जून हा त्यांचा सण. हाताशी असलेल्या पुस्तिकेतून माशांना केलेले प्रवचन, गुडघे टेकणारे खेचर, हातातला बाळ येशू आणि हरवलेल्या वस्तू मिळवून देण्याची ख्याती एवढे उतरवून घेतले की लेख तयार होतो, आणि वाचणाऱ्यालाही ते सगळे आधीपासून ठाऊक असते. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी त्यांच्या सर्वांत जुन्या चरित्रात नाहीत. ज्या गोष्टी त्यात आहेत, म्हणजे एक संपूर्ण शहर दुकाने बंद करून ज्याला ऐकायला जात होते तो प्रवचनकार, त्याचे पापनिवेदन ऐकण्याचे काम, त्याचा अकाली मृत्यू, त्यांना मात्र अशा लेखात जेमतेम दोन ओळी मिळतात. हे प्रमाण उलटवायचे असेल तर लेखनाला कसे बसावे, याची ही मार्गदर्शिका आहे.

पद्धत अवघड नाही. एका कोऱ्या कागदावर तीन रकाने आखावेत: पहिल्यात प्रसंग, दुसऱ्यात तो प्रसंग सर्वप्रथम सांगणारे लेखन आणि तिसऱ्यात त्या लेखनाचा काळ. चरित्रात येणारा प्रत्येक प्रसंग या तक्त्यात बसवल्याशिवाय मजकुरात घ्यायचा नाही, एवढा एकच नियम पाळला तरी निम्मे काम होते.

आधी संत नेमके कोणते, ते पाहावे

अंतोनी नावाचे दोन संत आपल्याकडे सर्रास एकमेकांत मिसळतात. इजिप्तच्या वाळवंटात राहिलेले मठाधिपती संत अंतोनी तिसऱ्या-चौथ्या शतकातील. त्यांचा सण १७ जानेवारीला येतो आणि चित्रात त्यांच्या पायाशी बहुधा डुक्कर असते. आपल्या विषयातील अंतोनी त्यांच्यानंतर सुमारे नऊशे वर्षांनी लिस्बनमध्ये जन्मले. तपकिरी झगा, कमरेला दोरी, हातात ग्रंथ, लिली आणि बाळ येशू ही त्यांची ओळख. उत्तर इटलीतील पादुआ हे त्यांचे जन्मगाव नव्हे. आयुष्याच्या अखेरच्या काळात ते तिथे राहिले, तिथेच त्यांची समाधी आहे, आणि म्हणून जगभर ते पादुआचे म्हणून ओळखले जातात. पोर्तुगीज माणसाला विचाराल तर तो त्यांना लिस्बनचेच म्हणेल, आणि त्यात त्याचे काही चूक नाही.

त्यांचे बाप्तिस्म्याचे नाव फर्नांदो. जन्मवर्ष ११९५ असे सर्वत्र छापले जाते, पण सर्वांत जुने चरित्र जन्मवर्ष देत नाही. ते छत्तीस वर्षे जगले, या नंतरच्या परंपरेवरून ते मोजलेले आहे. म्हणून ‘परंपरेनुसार ११९५’ असे लिहावे. त्यांना जोडले जाणारे बुल्योंइश हे घराण्याचे नावसुद्धा पुढच्या काळातील आहे. त्यावर परिच्छेदभर वंशावळ रचण्याचा मोह टाळावा.

साक्षींचा क्रम

अंतोनींचा उल्लेख असलेले सर्वांत जुने चरित्र त्यांचे स्वतःचे नाही. अंतोनी पुढे ज्या फ्रान्सिस्कन संघात गेले त्याचे संस्थापक संत फ्रान्सिस यांचे पहिले चरित्र सेलानोच्या थॉमस यांनी १२२८-२९ मध्ये लिहिले, आणि त्यात दक्षिण फ्रान्समधील आर्ल येथे भरलेल्या धर्मबंधूंच्या सभेत अंतोनी ख्रिस्ताच्या क्रुसावरील लेखाविषयी, म्हणजे ‘नासरेथचा येशू, यहुद्यांचा राजा’ या शब्दांवर प्रवचन करत होते, असे सांगितले आहे. हे लिहिले गेले तेव्हा अंतोनी हयात होते. संतपद मिळण्याआधी, पादुआची ख्याती होण्याआधी, एका समकालीन लेखकाने त्यांचे वर्णन प्रवचनकार म्हणून केले आहे, ही गोष्ट चरित्रकाराच्या दृष्टीने लाखमोलाची आहे, आणि ती लेखाच्या पहिल्या पानावर यायला हरकत नाही.

त्यानंतर १२३२ मधील चरित्र. ते एका अनामिक फ्रान्सिस्कन धर्मबंधूने लॅटिनमध्ये लिहिले असून त्याच्या पहिल्या शब्दावरून त्याला ‘अस्सिदुआ’ म्हणतात. लिस्बनमधल्या बालपणाची माहिती आपल्याला तिथले बिशप सुएइरो यांच्याकडून मिळाली, असे लेखक सांगतो. पादुआतील अखेरच्या महिन्यांविषयी तर तो अगदी जवळून लिहितो. मात्र फ्रान्समधल्या वर्षांविषयी तो गप्प आहे. ती पोकळी लिमोजच्या परिसरातील झां रिगो या फ्रान्सिस्कनाने १३०० च्या आसपास लिहिलेल्या चरित्राने काही अंशी भरून निघते. या दोहोंच्या मध्ये, सुमारे १२३५ मध्ये, श्पायरच्या ज्युलियन यांनी रचलेली उपासना आणि चरित्र येते. चौदाव्या शतकातील चमत्कारसंग्रह हा यानंतरचा थर. ‘अस्सिदुआ’ची इंग्रजी भाषांतरे उपलब्ध आहेत आणि मूळ मजकूर लहान आहे, त्यामुळे लॅटिन येत नाही ही सबब इथे चालत नाही.

चरित्रांच्या बाहेरचे दोन पुरावे तक्त्यात स्वतंत्रपणे नोंदवावेत. एक, पादुआ नगराचा १२३१ मधील कायदा. दोन, पादुआचे इतिहासकार रोलांदीनो यांची बखर, जी १२६२ मध्ये तिथल्या विद्यापीठात जाहीरपणे वाचली गेली. भक्तिभावाने लिहिलेल्या चरित्रापेक्षा नगराच्या दप्तराचा सूर वेगळा असतो, म्हणून ते दोन्ही मोलाचे.

१२२२ पर्यंतचा प्रवास थोडक्यात सांगावा

या भागात घटना भराभर घडतात, आणि लिहितानाही तसेच वेगाने जावे. फर्नांदो तरुणपणीच लिस्बनच्या वेशीबाहेरील साओ विसेंते मठात ऑगस्टिनियन संघात दाखल झाले. घर जवळ असल्याने मित्रांची ये-जा थांबेना, तेव्हा सुमारे दोन वर्षांनी वरिष्ठांची परवानगी घेऊन ते कोइंब्राच्या सांता क्रूझ मठात गेले. तिथल्या वर्षांत त्यांनी बायबल आणि धर्मपित्यांचे ग्रंथ कसून वाचले. पुढे त्यांच्या प्रवचनांत बायबलचे दाखले ज्या सहजतेने येतात, त्याचे मूळ या अभ्यासात आहे, आणि लेखकाने इथे दोन वाक्ये जास्त खर्च करावीत.

जानेवारी १२२० मध्ये पाच फ्रान्सिस्कन बंधू मोरोक्कोत मारले गेले. त्यांचे अवशेष कोइंब्राला आणले गेले, आणि ते पाहून फर्नांदोंनी ऑगस्टिनियन संघ सोडून फ्रान्सिस्कन झगा घातला. ऑलिवाइश येथील ज्या छोट्या आश्रमात ते गेले तो वाळवंटातील संत अंतोनींच्या नावाचा होता. त्यांनी तेच नाव घेतले. दोन अंतोनींचा गोंधळ सुरू होतो तो इथूनच. हौतात्म्याच्या ओढीने ते स्वतः मोरोक्कोला गेले, हिवाळाभर आजारी पडले, परत निघाले तर वाऱ्याने जहाज सिसिलीला नेले. तिथून ते १२२१ च्या पेंटेकॉस्टला, म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाला, असिसीत भरलेल्या महासभेला गेले. सभा संपली, प्रत्येकाला कोणी ना कोणी आपल्या मठात घेऊन गेले, आणि या अनोळखी परदेशी बंधूला कोणी विचारले नाही. शेवटी रोमान्या प्रांताचे प्रमुख ग्रात्सियानो त्यांना घेऊन गेले आणि फोर्ली शहराजवळच्या मोंतेपाओलो या एकांतातल्या आश्रमात ते राहू लागले.

१२२२ मध्ये फोर्ली येथे दीक्षाविधीसाठी फ्रान्सिस्कन आणि डॉमिनिकन बंधू जमले होते. चार शब्द बोलायला सांगितले तेव्हा डॉमिनिकनांनी तयारी नसल्याचे सांगून नकार दिला, आणि वरिष्ठांनी अंतोनींना उभे केले. त्यांना स्वयंपाकघरातली भांडी घासण्यापलीकडे फारसे काही येत असेल असे तिथे कोणाला वाटत नव्हते. सुरुवात साधी झाली; बोलणे पुढे गेले तशी सभा थक्क झाली. इथे एक पथ्य पाळावे. त्या दिवशी ते काय बोलले, हे सर्वांत जुने चरित्र सांगत नाही. तेव्हा त्यांच्या तोंडी स्वतः रचलेले भाषण घालू नये. कार्यक्रमासाठी नाटुकले लिहिणाऱ्यांनी तर हे विशेष लक्षात ठेवावे, कारण पुढच्या वर्षी तेच भाषण कोणीतरी संतवचन म्हणून फलकावर लिहितो.

फ्रान्सिसची चिठ्ठी

चरित्राचा मधला भाग सहसा गावांच्या यादीने भरला जातो: रिमिनी, बोलोन्या, मोंपेलिये, तुलूज, लिमोज. यादीऐवजी एक कागद मध्यभागी ठेवावा. संत फ्रान्सिसने १२२३ च्या अखेरीस किंवा त्यानंतर लवकरच अंतोनींना एक अगदी छोटे पत्र लिहिले. तुम्ही बंधूंना धर्मशास्त्र शिकवावे हे मला मान्य आहे, मात्र त्या अभ्यासात प्रार्थनेची आणि भक्तीची वृत्ती विझू देऊ नये, असा त्याचा आशय आहे. फ्रान्सिस स्वतः विद्वत्तेकडे सावधपणे पाहणारे. ग्रंथ आले की मालकी आली, मालकी आली की मोठेपणा आला, अशी त्यांची भीती. त्यांनी आपल्या संघात अध्यापनाला परवानगी द्यावी आणि ती या पोर्तुगीज पंडिताच्या नावाने द्यावी, यात पुढच्या फ्रान्सिस्कन विद्यापरंपरेची सुरुवात दिसते. अंतोनींच्या वारशाबद्दल लिहिताना हरवलेल्या किल्लीपेक्षा हा मुद्दा कितीतरी वजनदार आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

१२२७ ते १२३० ते उत्तर इटलीतील संघाचे प्रांतप्रमुख होते. १२३० मध्ये त्यांना या जबाबदारीतून मोकळे करण्यात आले आणि संघाच्या नियमाचा अर्थ ठरवून घेण्यासाठी पोप नववे ग्रेगरी यांच्याकडे गेलेल्या शिष्टमंडळात ते होते. पोपने त्यांच्या बायबल-ज्ञानावरून त्यांना ‘कराराचा कोश’ म्हटले, असे ‘अस्सिदुआ’ सांगते. हा प्रशासकीय भाग एका परिच्छेदात आटोपावा. भाविक वाचकाला त्यात रस नसतो, आणि अभ्यासकाला तो अन्यत्र मिळतो.

१२३१ ला निम्मी जागा द्यावी

लेख दोन हजार शब्दांचा असेल तर हजार शब्द शेवटच्या पाच महिन्यांसाठी राखून ठेवावेत. त्या वर्षी ५ फेब्रुवारीला राखेचा बुधवार, म्हणजे उपवासकाळाचा पहिला दिवस, होता आणि २३ मार्चला ईस्टर. या संपूर्ण उपवासकाळात अंतोनींनी पादुआत रोज प्रवचन केले. चर्चमध्ये लोक मावेनात म्हणून सभा मोकळ्या मैदानावर हलवावी लागली. चरित्रकाराने टिपलेले तपशील असे आहेत: चांगली जागा मिळावी म्हणून लोक रात्रीच मशाली घेऊन निघत, बिशप आपल्या धर्मगुरूंसह येऊन बसत, प्रवचन संपेपर्यंत व्यापारी दुकाने उघडत नसत, आणि बायका कात्र्या आणून त्यांच्या झग्याचे तुकडे आठवण म्हणून कापून नेत, त्यामुळे धडधाकट तरुणांचे कडे त्यांच्याभोवती ठेवावे लागे. श्रोत्यांची संख्या तीस हजारांपर्यंत जाई, असे तो लिहितो. ही संख्या त्याच्या नावानेच द्यावी, म्हणजे ‘चरित्रकाराच्या अंदाजाने ३०,०००’ अशी. मध्ययुगीन लेखकांचे आकडे मोजणीतून आलेले नसतात, ते गर्दीचा धाक सांगतात.

प्रवचनानंतर काय घडे, त्याकडे लेखकाने जास्त लक्ष द्यावे. वैरी समेट करत, सावकार लुबाडलेले पैसे परत करत, आणि पापनिवेदनासाठी इतकी रांग लागे की तेवढे धर्मगुरू पुरे पडत नसत. अंतोनी स्वतः दिवस मावळेपर्यंत उपाशीपोटी हे काम करत. त्यांची तब्येत आधीच ढासळली होती.

आता तो कायदा. १५ मार्च १२३१ रोजी, म्हणजे ईस्टरच्या आठ दिवस आधी, पादुआचे नगरप्रमुख स्तेफानो बादोएर यांच्या कारकिर्दीत असे ठरले की केवळ पैशाच्या कर्जापायी कोणाही ऋणकोला किंवा त्याच्या जामिनाला, त्याने आपली मालमत्ता धनकोच्या स्वाधीन केल्यास, तुरुंगात ठेवता येणार नाही. हा निर्णय फ्रान्सिस्कन बंधू अंतोनी यांच्या विनंतीवरून घेतला, असे कायद्याच्या मजकुरातच नमूद आहे. संतांच्या चरित्रात असा पुरावा क्वचित सापडतो: प्रवचनाचा परिणाम नगराच्या कायद्यात, तारखेसकट, नावासकट. त्याचे महत्त्व सांगताना अतिशयोक्ती मात्र करू नये. ‘जगातला पहिला दिवाळखोरीचा कायदा’ अशी जाहिरात काही ठिकाणी वाचायला मिळते. तिची गरज नाही. ज्या शहरात कर्जदार कुटुंबप्रमुख कोठडीत आणि त्याचे घर उघड्यावर, अशी स्थिती होती, तिथे एका आजारी साधूच्या शब्दावर नियम बदलला, एवढे पुरेसे आहे.

याच वर्षातील एक अपयशही सांगावे. वेरोना येथे एत्सेलीनो दा रोमानो या जहागीरदाराने काउंट रित्सार्दो याला कैदेत ठेवले होते. त्याच्या सुटकेची रदबदली करायला अंतोनी गेले आणि रिकाम्या हाताने परतले, असे रोलांदीनो आपल्या बखरीत नोंदवतात. नंतरच्या कथांमध्ये हाच एत्सेलीनो गळ्यात पट्टा अडकवून संतांच्या पायावर लोळण घेतो. तक्त्यातल्या तिसऱ्या रकान्याचा उपयोग इथे नीट कळतो. जुनी नोंद अपयश सांगते, उशिराची कथा त्याचे विजयात रूपांतर करते, आणि बहुतेक लेखक दुसरी उचलतात. अपयशाने संत लहान होत नाही. उलट त्यांच्या शब्दाची ताकद कुठे चालली आणि कुठे नाही, हे समजल्यावर पादुआतला कायदा अधिक उठून दिसतो.

मृत्यूचा प्रसंग ‘अस्सिदुआ’च्या क्रमानेच सांगावा, त्यात भर घालण्याची गरज नाही. कांपोसांपिएरो येथे तिसो नावाच्या सरदाराच्या जागेत अक्रोडाच्या एका मोठ्या झाडावर फांद्यांच्या आधाराने त्यांच्यासाठी खोपी बांधली होती. शुक्रवार, १३ जून रोजी दुपारच्या जेवणाला ते खाली उतरले आणि पानावरच त्यांची शक्ती गेली. पादुआला न्यावे, असे त्यांनी सांगितले, बैलगाडीतून निघाले, शहराच्या वेशीवर आर्चेल्ला येथील क्लारा संघाच्या भगिनींच्या मठाजवळ थांबावे लागले, आणि तिथेच ते गेले. बंधूंनी ही बातमी लपवण्याचा प्रयत्न केला, पण रस्त्यांतून पोरे ‘संत गेले’ म्हणून ओरडत सुटली. मग देह कोणाचा, यावरून आर्चेल्लाच्या बाजूचे रहिवासी आणि शहरातला मठ यांच्यात खरोखरीची हाणामारी होण्याची वेळ आली. मिरवणुकीसाठी होड्यांचा पूल बांधला तो विरोधकांनी मोडून टाकला. अखेर मंगळवारी, १७ जूनला दफन झाले. मंगळवार हा संत अंतोनींचा वार का, असे मुंबईत वा गोव्यात कोणी विचारले तर उत्तर या दफनात आहे.

प्रवचने वाचल्याशिवाय प्रवचनकारावर लिहू नये

रविवारच्या आणि सणांच्या प्रवचनांचे त्यांचे लॅटिन संग्रह उपलब्ध आहेत. सणांचा संग्रह मृत्यूमुळे अपुरा राहिला. वाचायला घेणाऱ्याची सुरुवातीला निराशा होते, म्हणून आधीच सांगितलेले बरे: मैदानावर लोकांपुढे जे बोलले गेले त्याची ही टिपणे नाहीत. दुसऱ्या प्रवचनकारांनी तयारी कशी करावी यासाठी लिहिलेले ते साहित्य आहे. प्रस्तावनेत अंतोनी चार चाकांच्या रथाची प्रतिमा वापरतात, आणि त्या रविवारचे शुभवर्तमान, जुन्या करारातील वाचन, मिस्साचे प्रवेशगीत आणि पत्रपाठ ही ती चार चाके. एकाच दिवसाची ही चार वाचने एकमेकांशी जुळवून दाखवणे हा त्यांचा मुख्य खटाटोप असतो. मधूनच प्राण्यांचे, वनस्पतींचे, रत्नांचे त्या काळच्या समजुतीनुसार वर्णन येते आणि त्यातून नैतिक अर्थ काढला जातो.

सगळा संग्रह वाचणे शक्य नसेल तर दोन जागा पाहाव्यात. पेंटेकॉस्टच्या प्रवचनात ते म्हणतात की शब्द थांबावेत आणि कृती बोलाव्यात. आपण शब्दांनी भरलेले आणि कृतीने रिकामे आहोत, म्हणून ज्या अंजिराच्या झाडावर नुसती पाने सापडली त्याला मिळालेला शाप आपल्यालाही लागू आहे. पहिले अर्धे वाक्य भिंतीवरच्या दिनदर्शिकांवर छापलेले असते, अंजिराचे झाड मात्र गाळलेले असते. ते गाळू नये, कारण बोल बोलणाऱ्यांनाच लागला आहे, आणि बोलणाऱ्यांत अंतोनी स्वतःला धरतात. दुसरी जागा सावकारांची. स्तोत्रातील समुद्र, त्यातले असंख्य सरपटणारे जीव आणि लहान-मोठी जनावरे यांवरून ते तीन प्रकारचे सावकार सांगतात: गुपचूप व्याज खाणारे (यांची गणतीच नाही), उघडपणे पण थोडे खाणारे, आणि लाज सोडून सर्वांदेखत गिळणारे. ही ओळ वाचून मग १५ मार्चच्या कायद्याकडे यावे. ग्रंथातला माणूस आणि मैदानावरचा माणूस एकच होता, हे वाचकाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

धर्माधिकाऱ्यांच्या चैनीवरही त्यांनी कठोर लिहिले आहे. मासिकाचा संपादक हा भाग काढायला सांगेल अशी शक्यता असते. तरी तो ठेवावा.

चमत्कार कसे लिहावेत

चमत्कार वगळून या संताचे चरित्र लिहिता येत नाही, आणि तसे लिहिलेले कोणी वाचणारही नाही. प्रश्न फक्त वाक्य कसे बांधावे याचा आहे. ‘रिमिनीत लोक ऐकेनात म्हणून अंतोनींनी माशांना प्रवचन केले’ हे वाक्य पाहा. त्याऐवजी असे लिहिता येते: ‘रिमिनीत बोनोनिल्लो नावाचा, तीस वर्षे पाखंडमतात राहिलेला नेता अंतोनींच्या शिकवणीने परत आला, असे १२३२ चे चरित्र सांगते. याच शहराच्या किनाऱ्यावर मासे पाण्याबाहेर डोके काढून त्यांचे प्रवचन ऐकत राहिले, ही कथा पुढे प्रसिद्ध झाली आणि चौदाव्या शतकातील फ्रान्सिस्कन कथासंग्रहात ती सविस्तर आली.’ दुसऱ्या वाक्यरचनेत कथा तशीच आहे, भक्ताला दुखावणारे काही नाही, आणि कोणती गोष्ट कोणत्या थरातली हेही कळते. ‘दंतकथा’, ‘भाकडकथा’ असले शेरे मारण्याची आवश्यकता उरत नाही.

बाळ येशूच्या दर्शनाचेही असेच. खोलीत डोकावणाऱ्या यजमानाने अंतोनींच्या हातात बालक पाहिले, ही कथा चौदाव्या शतकातील चमत्कारसंग्रहातली. कोणी ती फ्रान्समध्ये घडली म्हणतो, कोणी कांपोसांपिएरोला. म्हणून जुन्या चित्रांत अंतोनींच्या हातात केवळ ग्रंथ दिसतो आणि बालक नंतर येते. चित्र निवडताना हे ध्यानात ठेवावे. पादुआच्या बॅसिलिकात दोनातेल्लोने १४४० च्या दशकाच्या अखेरीस घडवलेल्या वेदीवरील कांस्यशिल्पांत खेचर, कंजुषाचे हृदय, बोलणारे तान्हे बाळ आणि तोडलेला पाय जुळून येणे असे चार चमत्कार आहेत. लेखासोबत ही छायाचित्रे छापल्यास ती पंधराव्या शतकातील कलाकृती आहेत, हे खाली लिहावे.

हरवलेल्या वस्तूंच्या ख्यातीचा माग मात्र बऱ्यापैकी मागे जातो. श्पायरच्या ज्युलियन यांच्या उपासनेतील ‘चमत्कार शोधत असाल तर’ अशा अर्थाने सुरू होणाऱ्या गीतात तरुण आणि म्हातारे गमावलेले अवयव आणि हरवलेल्या वस्तू मागतात व त्यांना त्या मिळतात, असे शब्द आहेत. म्हणजे मृत्यूनंतर चारपाच वर्षांतच ही श्रद्धा गीतात आली होती. अंतोनींची स्तोत्रसंहिता चोरून नेलेल्या नवशिक्या बंधूची गोष्ट तिच्या समर्थनासाठी नेहमी सांगितली जाते. गीत आधीचे आहे, तेव्हा सुरुवात गीतापासून करावी.

मृत्यूनंतरची गोष्ट

३० मे १२३२ रोजी, पेंटेकॉस्टच्या दिवशी, स्पोलेतो येथे पोप नववे ग्रेगरी यांनी त्यांना संत घोषित केले. मृत्यूला वर्षही झाले नव्हते. ८ एप्रिल १२६३ रोजी संघाचे तत्कालीन प्रमुख बोनाव्हेंतुरा यांच्या उपस्थितीत अवशेष नव्या चर्चमध्ये हलवताना जीभ अविकृत आढळली. ती आजही पादुआच्या बॅसिलिकात वेगळ्या पात्रात ठेवलेली आहे. १६ जानेवारी १९४६ रोजी पोप बारावे पायस यांनी त्यांना ख्रिस्तसभेचे धर्मपंडित म्हणून घोषित केले आणि त्यांच्या प्रवचनांचा अभ्यास पुन्हा जोमाने सुरू झाला. गरिबांसाठी ‘संत अंतोनींची भाकर’ म्हणून दान गोळा करण्याची आजची प्रथा फ्रान्समधील तुलों येथे १८९० मध्ये रुजली. लुईझ बुफिये या दुकानदार बाईचे कुलूप अडकले होते. ते न फोडता उघडले तर गरिबांना पाव वाटीन, असा नवस तिने केला होता. लिस्बनमधील जूनच्या जत्रा, भाजलेल्या सार्डिन, कागदी फुलाबरोबर कवितेची ओळ खोवलेल्या तुळशीच्या जातीच्या कुंड्या हा सगळा पोर्तुगीज लोकजीवनाचा भाग आहे. चरित्रात तो एका वाक्यापलीकडे वाढवू नये.

आपल्याकडचा थर

मराठी-कोकणीत लिहिणाऱ्याला मात्र एक जास्तीचा रकाना आखावा लागतो. पोर्तुगीजांबरोबर हे संत पश्चिम किनाऱ्यावर आले. वसईच्या किल्ल्यात फ्रान्सिस्कनांच्या संत अंतोनी चर्चचे अवशेष उभे आहेत. गोव्यात शिवोलीचे चर्च त्यांच्या नावाचे आहे, आणि बांधकामाच्या वेळी सापाचे विघ्न त्यांनी दूर केले ही तिथली आख्यायिका आहे. जेझुइट धर्मगुरू आंतोनियो द साल्दान्य यांनी पादुआच्या संत अंतोनींची जीवित्वकथा इथल्या लोकांच्या भाषेत रचली आणि ती १६५५ मध्ये गोव्यात रोमन लिपीत छापली गेली. फ्रान्सिस्कन संताची कथा जेझुइटाने लिहावी, हेही नोंदवण्यासारखे. आपण आज ज्या चमत्कारकथा आजीकडून ऐकल्या म्हणतो, त्यांतल्या काही या रचनेतून आलेल्या आहेत का, हे तपासायला जागा आहे. त्यासाठी तिची मुद्रित आवृत्ती ग्रंथालयातून मिळवून आपल्या तक्त्याशी ताडून पाहावी.

आपल्या गावात संत अंतोनींची मूर्ती किंवा क्रूस असेल तर लेख पूर्ण करण्यापूर्वी तिथल्या दोन-तीन वडीलधाऱ्यांशी बोलावे. मूर्ती कधी आली, मंगळवारची प्रार्थना कोणी सुरू केली, नवस कसला बोलतात, भाकरीच्या पेटीतले पैसे कुठे जातात, हे विचारावे. सांगणाऱ्याचे वय आणि त्याने ही गोष्ट कोणाकडून ऐकली, हे लिहून घ्यावे, आणि जमल्यास चर्चच्या दप्तरातील नोंदींशी ते पडताळून पाहावे. उत्तरे एकमेकांशी जुळली नाहीत तर दोन्ही छापावीत, कोणाची कोणती ते स्पष्ट करून.